ऑनलाइन थेरपी सुरू करताना नेमकं काय होतं? (कोकणातून विचारणाऱ्यांसाठी)

सुरंगी

दुसऱ्या एका धाग्यावर मी ऑनलाइन थेरपी घेते, म्हणजे मनाच्या त्रासासाठी तज्ज्ञाशी फोनवर किंवा व्हिडिओवर ठरवून बोलते, असं ओघात लिहिलं होतं. तेव्हापासून खाजगी निरोप येतच आहेत. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे लोक आहेत आणि सगळ्यांना साधारण एकच धास्ती आहे: पहिल्या दिवशी कॅमेऱ्यासमोर बसल्यावर होतं काय? एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहिते, म्हणजे विचारायचाही संकोच वाटणाऱ्यांना वाचता येईल.

मी राजापूर तालुक्यात राहते. आमच्याकडे मनाच्या दुखण्याचं नाव काढलं की लोकांना दोनच वाटा सुचतात. एक तर देवळात कौल लावायचा, नाहीतर 'रत्नागिरीला न्यायचं'. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. रत्नागिरीच्या रुग्णालयात कोकणातल्या कित्येक पिढ्यांवर उपचार झाले, पण गावागावांत त्या शहराचं नाव टोमणा म्हणून वापरतात. मग ज्यांना रात्र रात्र झोप नाही, छातीत धडधडतं, कारण नसताना रडू येतं, ती माणसं कुठेच जात नाहीत. या लोकांसाठी मधली वाट आहे आणि ती हातातल्या फोनवर आहे, एवढं पोचवण्यासाठी लिहिते आहे.

आधी कोणाकडे जायचं ते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. हे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर असतात आणि औषध हेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. मानसशास्त्रीय चाचण्या आणि थेरपी हे त्यांचं काम. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे असते आणि तो क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. समुपदेशक बहुधा मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात एमए केलेले असतात. त्यांच्यासाठी बरीच वर्षं एकच सक्तीची नोंदणी नव्हती, त्यामुळे चार दिवसांचा कोर्स करून पाटी लावणारेही दिसतात. म्हणून शिक्षण कुठे झालं, किती वर्षं काम करता, माझ्यासारख्या त्रासावर काम केलं आहे का, हे सरळ विचारा. चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी दुखावत नाही. जो दुखावतो त्याला सोडा.

वेळ ठरली की एक फॉर्म येतो. त्यात नाव, वय, पत्ता, सुरू असलेली औषधं आणि अडचणीच्या वेळी कोणाला फोन करायचा त्या माणसाचा नंबर मागतात. हा नंबर बघून बरेच जण मागे फिरतात, कारण घरी कळेल ही भीती. जीवाला धोका आहे असं वाटलं तरच तो वापरतात, एरवी नाही. घरातलाच माणूस द्यायला हवा असंही नाही; मैत्रिणीचा, मावसभावाचा नंबर चालतो. सोबत संमतिपत्र असतं, त्यात गोपनीयता, फी, वेळ रद्द करण्याचे नियम असतात. ते वाचा. फार कमी जण वाचतात आणि मग आयत्या वेळी सत्र रद्द केलं तरी फी का लागली म्हणून नाराज होतात.

पहिलं सत्र साधारण पाऊण तास ते तासाभराचं. सुरुवातीलाच विचारतात, "आत्ता कुठे बसला आहात? आसपास कोणी आहे का?" ही चौकशी दर वेळी होते. मध्येच काही झालं तर मदत कुठे पाठवायची हे समोरच्याला माहीत असावं लागतं. मग झोप, भूक, काम, घरातली माणसं, आधी कधी असं झालं होतं का, घराण्यात कोणाला असा त्रास होता का, दारू-तंबाखू, थायरॉइडसारखे आजार, असं एकेक निघतं. मरणाचे विचार येतात का, हेही स्पष्ट शब्दांत विचारतात. घाबरू नका. असं विचारल्याने ते विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाहीत, उलट ज्याच्या डोक्यात असतात त्याला बोलायला तोंड फुटतं.

काही जण आधी प्रश्नावली पाठवतात. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ असते: नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं वाटलं याला ० ते ३ गुण, बेरीज ० ते २७. चिंतेसाठी जीएडी-७, सात प्रश्नांची. त्यावरून निदान होत नाही. पण काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली की फरक पडतोय का ते आकड्यात दिसतं.

आणि आता मुख्य गोष्ट. पहिल्या सत्रात सल्ला मिळत नाही. 'असं करा, तसं करा' ऐकायला आपण बसतो आणि समोरचा माणूस फक्त विचारत राहतो, ऐकतो, मध्येच थांबतो. त्यामुळे पैसे फुकट गेले असं वाटतं. पहिली दोन-तीन सत्रं ओळखीची समजा. दिवसभर भात लावल्यावर पाठ भरून येते तसं सत्रानंतर मन भरून येतं, म्हणून लगेच कामाला जुंपून घेऊ नका. शक्य असेल तर पुढचा अर्धा तास मोकळा ठेवा.

बाकीचं प्रश्न येतील तसं लिहीन.

आचऱ्याचो

बरां लिवलंस गो सुरंगीताय. माका एकच सांग, घरात आवशीक कळल्याशिवाय ह्यां जमतला कसां? आमचा घर जुना, भिंती आढ्यापर्यंत नाय. ह्या खोलयेत खोकलंय तर त्या खोलयेत आयकाक येता.

सुरंगी

आचऱ्याचो, हा कोकणातला अगदी खरा प्रश्न आहे. थेरपीची माहिती देणाऱ्या कुठल्याही शहरी लेखात हा सापडणार नाही. कौलारू घरात माजघर, ओटी, पडवी सगळं वरून एकच असतं. दार लावून उपयोग शून्य.

आपल्याकडची माणसं काय काय करतात ते सांगते. बागेतला मांगर, म्हणजे राखणीचं घर, सगळ्यात उत्तम. मात्र आंब्याच्या दिवसांत तिथे राखणीची माणसं आणि पेट्यांची ठोकाठोक असते. काही जण गाडी कातळावर नेऊन उभी करतात, तिथे रेंजही चांगली मिळते. माझी एक मैत्रीण शाळेत शिक्षिका आहे, ती शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसते. पावसात पत्र्याच्या शेडखाली बसू नका. बाहेरच्याला ऐकू जात नाही खरं, पण तुम्हालाही थेरपिस्टचं ऐकू येणार नाही.

इअरफोन लावलात की समोरचं बोलणं तरी तुमच्यापुरतं राहतं, म्हणजे निम्मी गोष्ट झाकली. आणि एखादा इशारा ठरवून ठेवा. माझं असं ठरलंय की कोणी आलं की मी म्हणते, "बिलाचं नंतर बघू," मग माझ्या थेरपिस्ट लगेच समजतात आणि मी 'चालेल' म्हणेपर्यंत गप्प बसतात. बोलणं अशक्यच असेल तर चॅटवर लिहूनही सत्र होतं. लिहिताना काही जण जास्त मोकळे होतात.

पाणजुई

धाग्याबद्दल आभार. लाईट आणि नेटचं काय करता? आमच्या वाडीत जून लागला की दोन्हीचा भरवसा नाही. निसर्ग वादळात तर आम्ही कित्येक दिवस अंधारात होतो.

सुरंगी

तासाभराच्या व्हिडिओला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा लागतो, नुसत्या आवाजाला त्याच्या मानाने अगदी थोडा. त्यामुळे पावसाळ्यात मी सरळ व्हिडिओ बंद करून बोलते. पहिल्याच सत्रात एवढं ठरवून घ्या: कॉल तुटला तर कोणी कोणाला लावायचा, किती वेळ वाट बघायची आणि नेट गेलं तर साधा फोन चालेल का. रडत असताना स्क्रीन गोठली आणि पुढे काय करायचं ते ठरलेलं नसलं की फार एकटं वाटतं. ठरलेलं असलं की दोन मिनिटांत फोन वाजणार हे माहीत असतं.

काजूगर

माझं वय आता सत्तरीकडे. स्पष्ट बोलतो, राग नसावा. माणूस समोर बसल्याशिवाय कळत नाही. पूर्वी ओटीवर चार माणसं बसायची, मन मोकळं व्हायचं. पैसे देऊन परक्याशी फोनवर बोलायचं हे मला पटत नाही. शिवाय ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून कित्येकांना बरं वाटलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कातळफूल

काजूगरकाका, राग कसला. मी चिपळूण भागात समुपदेशनाचं काम करते, त्यातलं बरंचसं ऑनलाइन. तुमच्या तिन्ही मुद्द्यांना उत्तर द्यावंसं वाटतं.

ओटीवरच्या गप्पांनी मन हलकं व्हायचं हे खरंच आहे. पण ओटीवर सून बोलायची का? ज्याचं लग्न मोडलं तो बोलायचा का? ज्या गोष्टी चार माणसांत बोलण्यासारख्या नसतात त्यांनीच माणूस आतून पोखरला जातो. परका माणूस इथे उपयोगी पडतो तो परका असल्यामुळेच. तो तुमच्या भावकीतला नाही, तुमच्या बागेच्या हद्दीच्या वादात त्याचा कोणी नातलग नाही, उद्या बाजारात तो कोणाला काही सांगणार नाही. आणि सांगायचंच म्हटलं तरी कायदा आडवा येतो. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे आणि त्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क म्हणून लिहिला आहे. तिला अपवाद मोजकेच आहेत: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जीवाला धोका असेल तर, न्यायालयाने मागितलं तर, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर. पॉक्सो कायद्याने तो कळवावाच लागतो. हे अपवाद पहिल्याच सत्रात सांगायचे असतात. मी सांगते.

गाऱ्हाण्याबद्दल: माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांनी आधी कौल लावलेला असतो. मी त्यांना देवळात जाऊ नका असं कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. त्यातून आधार मिळतो, गाव पाठीशी आहे असं वाटतं. मला वाईट वाटतं ते इतकंच की कुठल्या तरी देवऋषाने बाधा आहे म्हणून सांगितलं, घरच्यांनी गोळ्या बंद केल्या आणि वर्षभर सावरलेला मुलगा पुन्हा कोसळला, असं बघावं लागतं. देवाला नारळ द्या आणि मुलाला गोळीही द्या. दोन्ही एका दिवसात होतं.

समोरासमोर बसण्याचं म्हणाल तर काही बाबतींत तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात, जो रात्रंदिवस जागा राहून वाटेल तसा पैसा उधळतो आहे, ज्याने जीव द्यायची तयारी केली आहे, त्याच्यासाठी फोनवरची थेरपी पुरेशी नाही. त्याला प्रत्यक्ष मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं पाहिजे, आणि त्यासाठी रत्नागिरीला जावं लागलं तर जावं. मात्र सौम्य किंवा मध्यम नैराश्य, चिंता, पॅनिक, दुःखातून सावरणं, नवरा-बायकोतले ताण यांत ऑनलाइनही चांगला फरक पडतो. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर पावसाचा जोर वाढला की रात्री उठून वाशिष्ठीचं पाणी कुठवर आलं ते बघणारी माणसं मला अजून भेटतात. त्यांतली कितीतरी जणं भर पावसात दवाखान्यात येऊच शकत नाहीत. त्यांच्यासाठी फोन हीच सोय.

काजूगर

सुनेचं म्हणालात ते मनाला लागलं. बोलायची नाही हे खरं. वाचतो आहे.

माहेरवाशीण

मी बाळंतपणासाठी गुहागरला माहेरी आले आहे. बाळ दोन महिन्यांचं. सगळं छान आहे, आई सगळं करते आहे, तरी मला बाळाकडे बघून काहीच वाटत नाही आणि रात्री वाटतं की ह्याला माझ्याकडून काहीतरी होईल. आई म्हणते दृष्ट लागली. बाळ कुशीत असताना सत्र करता येतं का? मध्येच रडलं तर?

कातळफूल

माहेरवाशीण, बरं झालं लिहिलंत. बाळाला घेऊन सत्र करता येतं, पाजत असाल तर कॅमेरा बंद ठेवा, रडलं तर थांबा. नवीन आयांबरोबर काम करणाऱ्यांना याची सवय असते.

तुम्हाला जे वाटतंय ते बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना वाटतं आणि त्यावर उपचार आहेत. पहिल्या काही दिवसांतलं रडू आपोआप ओसरतं. दोन महिन्यांनी असं वाटत असेल तर ते बघून घ्यायला हवं. यासाठी एडिनबरा नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली १९८७ पासून वापरात आहे, तीही कदाचित भरून घेतील. आपल्या हातून बाळाला काही होईल या भीतीने घाबरून जाणं आणि तसं करावंसं वाटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थेरपिस्टला दोन्हींबद्दल खरं सांगा. 'बाळ काढून घेतील' या भीतीने लपवू नका.

औषधाची गरज पडली तर अंगावर पाजताना चालणारी औषधं आहेत, ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटली, किंवा कोणी नसताना आवाज ऐकू आले, तर मात्र सत्राची वाट न बघता त्याच तासाला आईला सांगा आणि दवाखाना गाठा. आणि आजच १४४१६ ला फोन करा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि लागलं तर मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात.

सुरंगी

माहेरवाशीण, मी तुम्हाला निरोप केला आहे. रात्री कधीही लिहा.

देवगडकर_बापूस

माझा मुलगा अकरावीत आहे. दोन महिने कॉलेजला जायला मागत नाही, पोटात दुखतं म्हणतो, सगळ्या तपासण्या नॉर्मल. ऑनलाइन समुपदेशन सुरू करायचं ठरवलं आहे. सत्रात मी बाजूला बसलो तर चालेल ना? फी मी भरणार, मग काय बोलला ते मला कळायला हवं.

कातळफूल

अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची संमती लागते, त्यामुळे सुरुवातीला तुमच्याशी बोलतीलच. साधारण पद्धत अशी की थोडा वेळ पालकांबरोबर, मग मुलाबरोबर एकट्याने. त्या वेळेत तुम्ही खोलीत नको. दाराबाहेरही नको, मुलांना चाहूल लागते. जीवाला धोका, कोणी त्रास देणं, छळ असं काही निघालं तर तुम्हाला सांगतात. बाकीचं मुलाला विचारून, त्याच्या संमतीने थोडक्यात सांगतात.

सत्र संपल्यावर "काय बोललास?" हे विचारायचा मोह आवरा. "जेवायला चल" एवढंच म्हणा. पोटदुखी खोटी नाही हेही लक्षात ठेवा. चिंतेने पोट खरंच दुखतं, त्यामुळे 'नाटकं करतोस' हा शब्द घरातून काढून टाका.

देवगडकर_बापूस

हा शब्द मी वापरला आहे. समजलं. वेळ ठरवतो.

घाटावरचा

फी साधारण किती? आणि विम्यातून मिळते का?

सुरंगी

मी चौकशी केली तेव्हा खासगी थेरपिस्ट एका सत्राचे आठशेपासून दोन-अडीच हजारांपर्यंत सांगत होते. पुण्या-मुंबईतले बरेच जण परिस्थितीनुसार फी कमी करतात, पण ते आपण विचारल्यावर. 'स्लाइडिंग स्केल आहे का' एवढं विचारायचं, लाज नको. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, पुढे पंधरा दिवसांतून एकदा असं होतं. एखाद्या ठरावीक त्रासासाठी कॉग्निटिव्ह बिहेव्हियर थेरपीची (विचार आणि वागणं यांवर काम करणारी पद्धत) साधारण ६ ते २० सत्रं धरतात. त्या हिशेबाने आधीच पैशांचा अंदाज घ्या. मध्येच पैशांमुळे तुटण्यापेक्षा सुरुवातीपासून पंधरा दिवसांनी एक सत्र परवडत असेल तर तसं सांगा.

मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा दिला पाहिजे असं २०१७ च्या कायद्यातच आहे. पण बहुतेक पॉलिसींमध्ये दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च नसतो, त्यामुळे थेरपीची फी खिशातूनच जाते. आपापल्या पॉलिसीत ओपीडी आहे का ते बघा.

पैसे अजिबात नसतील तर टेलिमानस आहेच. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे लोक असतात. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवाही फोनवर समुपदेशन देते.

तांबडीमाती

मोठ्या ॲपवरून घ्यावं की एकट्या थेरपिस्टकडे? जाहिराती फार येतात.

सुरंगी

माझा कल एकट्या थेरपिस्टकडे किंवा ज्यांचं काम लोकांना माहीत आहे अशा संस्थेकडे. उदाहरणार्थ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेली ठाण्याची आयपीएच. कोकणातले कित्येक लोक तिथल्या व्हिडिओंमुळेच पहिल्यांदा या विषयाकडे वळले.

ॲप वाईटच असं नाही, पण तुमची माहिती कुठे जाते ते बघा. अमेरिकेत २०२३ मध्ये बेटरहेल्प या मोठ्या कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली, ग्राहकांची आरोग्याविषयीची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवल्याच्या आरोपावरून. कंपनीला ७८ लाख डॉलर द्यावे लागले. म्हणून ॲप घेतलंत तर थेरपिस्टचं पूर्ण नाव आणि शिक्षण दिसतंय का, माणूस बदलून मिळतो का आणि खातं काढून टाकताना माहिती पुसता येते का, हे तपासा. अनेक सत्रांचं पॅकेज एकदम विकत घेऊ नका. पहिलं एकच घ्या.

चाकरमानी

माझा भाऊ गावाला असतो, मालवणजवळ. मासेमारी बंद असते त्या दोन महिन्यांत पिणं फार वाढतं. मी लालबागेतून त्याला ऑनलाइन समुपदेशन लावून देऊ शकतो का? त्याला सांगितलं आहे की उद्यापासून थेंब घ्यायचा नाही.

कातळफूल

चाकरमानी, हे आधी वाचा. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर हात थरथरणं, घाम, भास, फिट येणं असं होऊ शकतं आणि ते जीवावर बेतू शकतं. त्यामुळे 'उद्यापासून थेंब नाही' असं न करता आधी प्रत्यक्ष डॉक्टरकडे न्या, सोडवायची ती त्यांच्या देखरेखीखाली. ऑनलाइन समुपदेशन त्यानंतर, पुन्हा वळू नये म्हणून, खूप उपयोगी पडतं.

दुसरं असं की तुम्ही त्याच्यासाठी नाव नोंदवू शकता, त्याच्याऐवजी बोलू शकत नाही. त्याची तयारी नसेल तर तुम्ही आणि वहिनी स्वतःसाठी सत्र घ्या. पिणाऱ्याच्या घरच्यांनी काय करावं, पैसे द्यावेत का, भांडावं का, यावर काम करता येतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या आधारगटाच्या बैठका मराठीतून होतात आणि घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे.

चाकरमानी

भावाला आत्ताच फोन केला. उद्या वहिनी त्याला डॉक्टरकडे नेते आहे. आभार.

पाणजुई

औषधं ऑनलाइन मिळतात का? की त्यासाठी जावंच लागतं?

कातळफूल

मानसोपचारतज्ज्ञ व्हिडिओवर तपासून औषध लिहून देऊ शकतात. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांनुसार हे चालतं. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवाच. काही औषधं, उदाहरणार्थ अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी, अशी लिहून देता येत नाहीत. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायच्या नसतात. थेरपिस्टला तुमची औषधं आणि डॉक्टरांना तुमची थेरपी, दोन्ही माहीत असू द्या.

आचऱ्याचो

मी चार-पाच सत्रां केलंय. बाई बरी आसा, पण ती इंग्लिश शब्द फार वापरता आणि माका वही लिवूक सांगता. घरचो अभ्यास दिल्यासारख्या वाटता. बदलूक व्हयी काय?

सुरंगी

आधी तिलाच सांग, "मला हे समजत नाही, मराठीत सांगा." एवढ्याने पुष्कळदा सुटतं. मालवणीत बोललास तरी हरकत नाही, राग आणि रडू आपल्या बोलीतच येतं.

वहीचं म्हणशील तर ते कामाचं आहे. माझ्या वहीत तीन रकाने असतात: काय घडलं, तेव्हा मनात कुठलं वाक्य आलं आणि मग काय वाटलं. एक खरी नोंद देते. घडलं ते: नणंदेने फोन उचलला नाही. मनातलं वाक्य: 'तिला मी नकोच आहे.' वाटलं ते: छातीत दगड, दुपारभर काम सुचलं नाही. थेरपिस्टने एवढंच विचारलं की फोन न उचलण्याची आणखी कुठली कारणं असू शकतात. मी लिहीत गेले. तिच्याकडे त्या दिवशी कॅनिंगवाल्यांची गाडी यायची होती हे मला माहीत होतं, पण दुपारभर आठवलं नव्हतं. असं पुन्हा पुन्हा लिहिलं की मनातलं वाक्य घडतानाच पकडता येऊ लागतं. अल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक या दोघा अमेरिकी मनोतज्ज्ञांच्या कामातून ही पद्धत आली, आणि एलिस यांची विचारसरणी मराठी वाचकांपर्यंत आणली ती कि. मो. फडके यांनी.

तरीही चार-पाच सत्रांनंतर तिच्याजवळ मोकळं वाटत नसेल, ती घड्याळ बघते, उपदेश करते, तुझ्या जातीवर, लग्नावर किंवा कोणावर प्रेम करतोस यावर मत देते असं असेल, तर बदल. "मला दुसऱ्या कोणाशी काम करून बघायचं आहे" एवढं लिहिलंस तरी पुरे. ती स्वतःच दुसरं नावही सुचवू शकते.

आचऱ्याचो

उपदेश नाय करणा. सांगतंय तिका मालवणीतच बोलतलंय म्हणान.

मोगरवाडी

बरेच दिवस फक्त वाचते आहे. एका थेरपिस्टचं नाव मिळालं आहे, नंबरही आहे. पण पहिला निरोप काय लिहायचा तेच सुचत नाही. लिहिते आणि पुसते. सगळी कहाणी लिहायची का?

सुरंगी

कहाणी नको, ती सत्रात सांगायची. हे घ्या, आपल्याला हवं तसं बदला:

'नमस्कार. मी अमुक, वय इतकं, रत्नागिरी जिल्ह्यात राहते. काही महिन्यांपासून झोप लागत नाही आणि मन सतत घाबरलेलं असतं. ऑनलाइन थेरपी सुरू करायची आहे. मराठीतून बोलायला आवडेल. आपली फी, उपलब्ध वेळ आणि पहिल्या सत्राची पद्धत कळवाल का? घरी इतर माणसं असतात, त्यामुळे फोन करण्याआधी कृपया निरोप पाठवा.'

शेवटचं वाक्य विसरू नका, नाहीतर भलत्या वेळी फोन येतो आणि घरातलं दुसरंच कोणीतरी उचलतं. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर हाच निरोप दुसऱ्या नावाला पाठवा. चांगल्या थेरपिस्टच्या वेळा भरलेल्या असतात, उत्तर न येण्याचं तेच कारण असतं. यादीत दोन-तीन नावं हवीत. नसतील तर निरोप करा, मराठीतून काम करणाऱ्यांची मला माहीत असलेली नावं कळवते.